गळालेले शिंग आणि कायद्याची अडचण

आमच्या घरी सहाणेजवळ सांबरशिंगाचा एक तुकडा असे. पाय मुरगळला की आजी ते उगाळून लेप लावी. हेच शिंग भारतातून इंग्लंडातील शेफील्डला जात असे व तेथे सुऱ्यांच्या मुठींना वापरले जाई, हे मला शासकीय सेवेत आल्यावर कळले.

मराठीत शब्द एकच असला, तरी शिंगे दोन प्रकारची. म्हशीचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावरचे नखासारखे आवरण. ते जन्मभर टिकते. सांबराचे शिंग निखळ हाड असते. ते गळते आणि पुन्हा उगवते. त्यातील सच्छिद्र गाभा कमी व भरीव भाग अधिक असल्याने त्याच्या फाका पात्याच्या मागील दांड्यावर दोन्ही बाजूंनी रिव्हेटने पक्क्या बसतात. खडबडीत पृष्ठभागामुळे ओल्या हातातूनही मूठ निसटत नाही.

गळालेले शिंग वेचण्यात हिंसा नाही. मग बंदी का? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही काही काळ अशा शिंगांची निर्यात होत असे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ती बंद झाली. अडचण पुराव्याची होती. गळालेल्या शिंगाचे बूड अखंड असते. मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचा तुकडा चिकटलेला असतो. मात्र फाका कापल्या की ही खूण नाहीशी होते आणि बाजारात दोन्हींना भाव एकच मिळतो. विक्रेत्याला माहीत असलेले ग्राहकाला कळत नसेल, तर बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970 मध्ये दाखविले होते. येथे त्याची किंमत सांबराला जिवाने मोजावी लागली असती.

शिवाय जंगलात पडलेले शिंगही वाया जात नाही. साळिंदर ते कुरतडून त्यातील चुना मिळविते.

म्हणून बंदी मला योग्य वाटते. परंतु तिचा भार कोणी उचलला, हेही नोंदविले पाहिजे. परदेशी कारखानदारांनी गुरांचे हाड कोरून, रंगवून तशाच दिसणाऱ्या मुठी केल्या. शिंगे वेचून चार पैसे मिळविणाऱ्या वनवासी कुटुंबांना असा पर्याय नव्हता. प्रशासनात बंदीचा आदेश एका पानात निघतो. पर्यायी रोजगाराचे दुसरे पान त्याच दिवशी लिहावे, एवढेच मी या इतिहासातून शिकलो.