गणित सोडू की बायोलॉजी?

मॅट्रिक ही परीक्षा जन्माला आली तेव्हा ती शाळेची नव्हती, विद्यापीठाची होती. 1857 साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला विद्यापीठं निघाली आणि कॉलेजात कोणाला घ्यायचं हे ठरवायला त्यांनी आपापली प्रवेश परीक्षा सुरू केली. मुंबईची पहिली मॅट्रिक 1859 ची. रानडे आणि भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. तेव्हापासून वर्गात काय शिकवायचं हे मास्तरांपेक्षा विद्यापीठच जास्त ठरवू लागलं. आज यवतमाळात दहावी झालेली मुलगी ‘गणित ठेवू की सोडू’ म्हणून घरच्यांशी हुज्जत घालते, त्या हुज्जतीची मुळं इतक्या मागे जातात.

विषय निवडणं मुलाच्या हाती होतंच असंही नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकरांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते शिकवायला नकार मिळाला आणि त्यांना फारशी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे आपल्याच कष्टांनी शिकले.

वऱ्हाडच्या या कोपऱ्याचा प्रश्न वेगळा होता. विद्यापीठ फार लांब होतं. वून जिल्ह्याचा यवतमाळ जिल्हा झाला 1905 च्या फेररचनेत. कापूस वाहून न्यायला मूर्तिजापूरपर्यंत छोटी रेल्वे त्याच सुमारास आली, पण कॉलेज काही आलं नाही. वणीत 1880 साली जन्मलेले माधव श्रीहरी अणे शिकायला नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले, आणि बी.ए.ची पदवी घेतली ती कलकत्ता विद्यापीठाची. पुढे ते यवतमाळला वकिली करू लागले. ‘लोकनायक’ म्हणून ओळखल्या गेलेल्या अण्यांनी उतारवयात लोकमान्य टिळकांचं चरित्र संस्कृत श्लोकांत लिहिलं. ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

विद्यापीठाची ही मक्तेदारी मोडण्याचा एक धीट प्रयत्न याच यवतमाळात झाला. वंगभंगानंतर बंगालमध्ये 1906 साली राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. तिचा अभ्यासक्रम स्वतंत्र होता, परीक्षा स्वतंत्र होती, प्रमाणपत्रही स्वतंत्र होतं. देशी भाषा आणि तांत्रिक शिक्षण यांना तिथे मानाची जागा होती. त्याच लाटेत यवतमाळला ‘विद्यागृह’ ही राष्ट्रीय शाळा उभी राहिली. तपस्वी बाबासाहेब परांजपे तिचे प्रमुख होते. नागपूरच्या नील सिटी हायस्कुलातून वंदे मातरम् प्रकरणी काढून टाकलेले केशव बळीराम हेडगेवार इथेच शिकायला आले. सरकारच्या रोषापुढे ही शाळा टिकली नाही. हेडगेवार पुण्याला गेले, राष्ट्रीय परिषदेची परीक्षा अमरावती केंद्रावरून दिली, आणि 1910 साली कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात दाखल झाले.

त्यांच्या पुढच्या राजकारणाविषयी कोणाचं काहीही मत असो, राष्ट्रीय शाळेत गेलेल्या पोरांनी पत्करलेली जोखीम मोठी होती. मॅट्रिक सोडली की सरकारी विद्यापीठाचं दार बंद. उरत होत्या त्या सरकारची मान्यता नसलेल्या मोजक्याच संस्था, आणि त्याही हजार किलोमीटरवर. त्या परिषदेच्या तांत्रिक शाखेतूनच 1955 साली जादवपूर विद्यापीठ झालं. यवतमाळच्या विद्यागृहाला मात्र असं भाग्य लाभलं नाही.

नागपूर विद्यापीठ 1923 साली झालं आणि अंतर घटलं. त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघालं. तरीही पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मॅट्रिकसाठी नागपुरातच गेले, तेही नील सिटी हायस्कुलात. मॉरिसमधून बी.ए., मग कायद्याची पदवी, मग पुसदला वकिली. तीस-पस्तीस वर्षांच्या अंतराने अणे आणि नाईक यांची वाट जवळजवळ तीच, कारण कला आणि कायदा याच मळलेल्या वाटा होत्या.

पुढे नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असतानाच शाळेचा साचा बदलला. त्याआधी एसएससी अकरावीला असे. वरचं गणित घ्यायचं की सोपं, हे एसएससीच्या आधीच ठरवावं लागे, आणि सोपं घेतलं की इंजिनीअरिंगचा विचार तिथेच संपे. त्या वयाच्या मुलाला, त्यातून मुलीला, कोण विचारत होतं? कोठारी आयोगाने दहावीपर्यंत सगळ्यांना गणित-विज्ञान असावं असं सुचवलं. महाराष्ट्रात 1972 पासून नवा आकृतिबंध लागू होत गेला. त्यातली पहिली दहावी 1975 ला झाली आणि पहिली बारावी 1977 ला. निवडीचा क्षण दोन-तीन वर्षं पुढे ढकलला गेला. या एका बदलाने मुलींचं जेवढं भलं केलं तेवढं नंतरच्या कुठल्याच सुधारणेने केलं नसावं.

मग ग्रुपचा जमाना आला. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) म्हणजे इंजिनीअर, पीसीबी (मॅथ्सऐवजी बायोलॉजी) म्हणजे डॉक्टर, आणि ज्याचं ठरत नाही त्याने चारही विषय ओढायचे. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, आणि त्याच वर्षी पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय उघडलं. अमरावती विद्यापीठही त्याच वर्षीचं. 1989 ला यवतमाळात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. दोन्ही स्वप्नं आता एसटीच्या टप्प्यात होती. मार्क वाढवायला ‘बायफोकल’चा मार्गही होता: दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय सोडायचा, त्याजागी इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर किंवा पीकशास्त्राचा 200 गुणांचा विषय घ्यायचा. यात अनेकांची मराठी सुटली आणि बायोलॉजीही. सतराव्या वर्षी सुटलेली भाषा पुन्हा क्वचितच हाती लागते, आणि त्या हानीची नोंद कुठल्याही गुणपत्रिकेत होत नाही.

बायोलॉजी सुटली तर वैद्यकीय नियम कठोर होता: अकरावी-बारावीला सलग दोन वर्षं प्रॅक्टिकलसह तो विषय हवाच. गणित सोडून भूगोल किंवा मानसशास्त्र घेतलेल्यांचं इंजिनीअरिंगचं दारही तसंच बंद होई.

हे कुलूप ढिलं व्हायला फार काळ लागला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाखांमधल्या भिंती नकोत असं म्हटलं. 2021 मध्ये तांत्रिक शिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने टेक्सटाइल, कृषी अभियांत्रिकी, बायोटेक्नॉलॉजी अशा शाखांसाठी बारावीच्या गणिताची अट सैल केली, अर्थात राज्यांवर सक्ती न करता. कापसाच्या या जिल्ह्यात, यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयात टेक्सटाइलची शाखा आहे, त्यामुळे ती बातमी इथे मन लावून वाचण्यासारखी होती. नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आणखी मोठं पाऊल उचललं: बारावी झाल्यावरही जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून देता येईल आणि तो विद्यार्थी नीटला बसू शकेल.

म्हणजे विषय बदलण्याचा निर्णय आता पूर्वीइतका जीवघेणा उरलेला नाही, आणि ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे. पण नियम दिल्लीत बदलतो आणि प्रयोगशाळा तालुक्याला लागते. मारेगाव किंवा झरी-जामणीच्या मुलीने बारावीनंतर बायोलॉजी जोडायचं ठरवलं, तर तो विषय शिकवणारं आणि तिचे प्रॅक्टिकल करून घेणारं कॉलेज तिच्या गावापासून किती लांब आहे, याची चौकशी घरच्यांनी फॉर्म भरण्याआधी करायला हवी.