मासाओका शिकी : सहा फुटांच्या अंथरुणावरचा सुधारक

हायकू हा सतरा ध्वनिमात्रांचा जपानी काव्यप्रकार शेकडो वर्षे जुना आहे, अशी सर्वसाधारण समजूत असली आणि सतराव्या शतकातील बाशो या कवीचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले असले, तरी खुद्द बाशो आपल्या रचनेला 'होक्कु' म्हणत असे. होक्कु म्हणजे आरंभीची ओळ. अनेक कवी एकत्र बसून आळीपाळीने सतरा आणि चौदा मात्रांची कडवी जोडत जात, त्या सामूहिक काव्यमालिकेला 'हाइकाइ' हे नाव होते, आणि तिच्या पहिल्या कडव्यात ऋतूचा निर्देश करण्याचा दंडक होता. या पहिल्या कडव्याला मालिकेपासून तोडून स्वयंपूर्ण कविता म्हणून उभे करण्याचे आणि 'हायकू' हे नाव त्याच्यासाठी रूढ करण्याचे काम मासाओका शिकी या कवीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात केले. शिरीष पै यांनी पुढे मराठीत जो हायकू रुजवला, त्याचे नावही शिकीने रूढ केलेलेच आहे.

शिकीचा जन्म 1867 मध्ये शिकोकु बेटावरील मात्सुयामा येथे एका कनिष्ठ सामुराई कुटुंबात झाला. दुसऱ्याच वर्षी तोकुगावा शोगुनांची सत्ता संपून मेइजी पर्व सुरू झाले आणि शोगुनांची बाजू घेतलेल्या मात्सुयामा संस्थानातील सामुराईंना पराभूतांच्या बाजूचे म्हणून नव्या व्यवस्थेत पाय रोवावे लागले. वडील 1872 मध्ये वारले. आई याए हिने मुलगा आणि त्याच्याहून तीन वर्षांनी लहान असलेली मुलगी रित्सु यांना वाढवले, तर आजोबा ओहारा कान्झान हे कन्फ्यूशियन परंपरेतील विद्वान असल्यामुळे चिनी अभिजात साहित्याचे पहिले धडे मुलाला घरातच मिळाले. ज्यांची तलवार कालबाह्य झाली होती, अशा घराण्यांतील मुलांना शिक्षण हाच एक मार्ग उरला होता. शिकीही 1883 मध्ये तोक्योला गेला आणि जुन्या संस्थानिक घराण्याच्या शिष्यवृत्तीवर शिकू लागला. तेथे पुढे कादंबरीकार म्हणून कीर्ती पावलेला नात्सुमे सोसेकी त्याचा जिवलग मित्र झाला. याच काळात तो बेसबॉल या नव्या परदेशी खेळाच्या इतका नादी लागला, की त्यातील अनेक संज्ञांना त्याने जपानी पर्याय दिले.

1889 मध्ये त्याच्या खोकल्यातून रक्त पडले. होतोतोगिसु हा कोकीळकुळातील पक्षी रक्त ओकेपर्यंत गातो, अशी चीन-जपानमधील जुनी समजूत आहे आणि 'शिकी' हा त्याच पक्ष्याचा एक वाचक शब्द आहे. जन्मनाव त्सुनेनोरी असलेल्या या तरुणाने क्षयाची खूण उमटल्याबरोबर हे टोपणनाव घेतले. आपले आयुष्य किती लांबीचे असणार, याचा अंदाज त्याने बाविसाव्या वर्षीच केला होता, असेच या निवडीवरून मानावे लागते.

त्याच्या सुधारणेचा पाया मात्र प्रतिभेच्या झटक्यात नसून चिकाटीच्या कष्टात होता, ही बाब पुरेशा आग्रहाने सांगितली जात नाही. जुन्या काळातील हजारो होक्कु गोळा करून ऋतू आणि विषय यांनुसार त्यांचे वर्गीकरण करण्याचे प्रचंड काम त्याने विद्यार्थिदशेतच हाती घेतले, आणि एकाच विषयावरच्या शेकडो ओळी शेजारीशेजारी ठेवल्यावर कोणती ओळ डोळ्यांनी पाहून लिहिली आहे आणि कोणती आधीच्या ओळींची उसनवारी आहे, हे त्याला स्पष्ट दिसू लागले. त्या काळचे हाइकाइ-गुरू दर महिन्याला ठरावीक विषय देऊन शिष्यांच्या रचना तपासत. या मासिक बैठकांतून निघणाऱ्या साचेबंद कवितेला शिकीने 'त्सुकिनामि', म्हणजे शब्दशः दरमहाची, हा शब्द निंदेच्या अर्थाने लावला. विद्यापीठाचे शिक्षण अर्धवट सोडून 1892 च्या अखेरीस तो कुगा कात्सुनान यांच्या 'निप्पोन' या वृत्तपत्रात रुजू झाला. हायकूची चळवळ दरबारात किंवा मठात वाढली नाही, ती दैनिकाच्या स्तंभांतून वाढली, हे तिच्या आधुनिकपणाचे मोठे लक्षण होय. बाशोच्या नावाने देवळे उभारली जात असताना, त्याच्या बहुतेक रचना सामान्य आहेत आणि थोड्याच थोर आहेत, असे शिकीने याच पत्रातून लिहिले. सामूहिक मालिकेत भावनेचे ऐक्य नसते, म्हणून ती साहित्य नव्हे, हे त्याचे मत तर आजही एकांगी वाटते. परंतु त्या एकांगीपणावाचून होक्कुची सुटका झाली नसती. चित्रकार म्हणून अधिक ओळखल्या जाणाऱ्या बुसोन या अठराव्या शतकातील कवीला त्याने बाशोच्या बरोबरीने मान मिळवून दिला.

नाकामुरा फुसेत्सु या पाश्चात्त्य पद्धतीने चित्रे काढणाऱ्या कलावंताच्या सहवासात त्याला 'शासेइ' ही संकल्पना सापडली. शासेइ म्हणजे समोरच्या वस्तूवरून केलेले रेखाटन. कवीनेही समोर जे आहे ते पाहावे आणि निवडून नोंदवावे, असा तिचा साहित्यातील अर्थ शिकीने केला.

1895 मध्ये चीन-जपान युद्धाचा वार्ताहर म्हणून तो लिआओदोंग द्वीपकल्पात गेला, पण तो पोहोचेपर्यंत लढाई थांबली होती, आणि परतीच्या जहाजावर पुन्हा रक्त पडून तो मरणोन्मुख अवस्थेत कोबे येथील रुग्णालयात दाखल झाला. त्यातून उठल्यावर मात्सुयामात शिक्षक असलेल्या सोसेकीच्या बिऱ्हाडी त्याने 52 दिवस काढले. 1896 मध्ये क्षय पाठीच्या कण्यात पसरल्याचे निदान झाले आणि तोक्योतील नेगिशी भागातले छोटे घर हेच हळूहळू त्याचे जग झाले.

याच बंदिवासात त्याने दुसरी लढाई पुकारली. 1898 मध्ये 'निप्पोन'मधून दहा पत्रे लिहून त्याने ताँका या एकतीस मात्रांच्या दरबारी काव्यप्रकारावर हल्ला चढवला, हजार वर्षे प्रमाण मानल्या गेलेल्या 'कोकिनशू' या संग्रहाचे मोठेपण नाकारले आणि त्याहून प्राचीन 'मान्योशू'कडे कवींना वळवले. 1897 मध्ये मात्सुयामात निघालेले 'होतोतोगिसु' हे मासिक पुढल्या वर्षी शिष्य ताकाहामा क्योशीने तोक्योला आणले. सोसेकीच्या पहिल्या कादंबरीचे पहिले प्रकरण पुढे 1905 मध्ये याच मासिकात छापले गेले.

शासेइचे तत्त्व खरोखर कसाला लागले, ते अंथरुणावर. 1899 च्या डिसेंबरात खोलीच्या कागदी सरकत्या दारांच्या जागी काचेची दारे बसवली गेली आणि पडल्यापडल्या बाग दिसू लागली. कूस बदलणेही अशक्य झालेल्या माणसाला या काचेने केवढे आकाश दिले, हे त्यानंतरच्या लेखनावरून कळते. 1900 मधील त्याची एक हायकू बागेतल्या कोंबड्याच्या फुलांची अंदाजे संख्या तेवढी सांगते. क्योशीने ती पुढे निवडक संग्रहात घेतली नाही, तर ताँका कवींनी ती श्रेष्ठ ठरवली, आणि हा वाद जपानी समीक्षेत दीर्घकाळ चालला. ज्याला बोट दाखवून मोजण्यापलीकडे काही करता येत नव्हते, त्याने मोजलेली ती फुले असल्यामुळे तिला अलंकाराची गरज नाही, हेच मत ग्राह्य वाटते.

1902 मध्ये 'सहा फुटांची रुग्णशय्या' अशा अर्थाच्या नावाने त्याचे सदर 5 मेपासून 'निप्पोन'मध्ये येऊ लागले. मॉर्फिनच्या आधाराने लिहिलेले हे लेखन प्रकृतीच्या काळजीने संपादकांनी एकदा छापले नाही, तेव्हा ते रोज छापून येण्यावरच आपला जीव तगून आहे, अशा आशयाची विनवणी त्याने केली. 127 वा लेखांक 17 सप्टेंबरला आला. 18 तारखेला त्याने घोसाळ्यावरच्या तीन हायकू स्वतःच्या हाताने लिहिल्या आणि 19 सप्टेंबरला पहाटेपूर्वीच त्याचे निधन झाले. घोसाळ्याच्या वेलाचे पाणी कफावर औषध म्हणून देत, त्यासाठीच तो वेल बागेत लावला होता. शिकीची पुण्यतिथी जपानमध्ये याच वेलाच्या नावाने ओळखली जाते.

या सहा-सात वर्षांत जखमा धुणे, पट्ट्या बदलणे आणि घर चालवणे आई व रित्सु यांनी केले. खासगी टिपणांत त्याने बहिणीच्या रुक्ष स्वभावावर कठोर शब्दांत राग काढला आहे आणि ती नसेल तर ना घर चालेल ना आपण जगू, हेही तेथेच मान्य केले आहे. शिकीच्या वीस हजारांहून अधिक हायकूंचा हिशेब मांडताना रित्सुचे श्रम त्यात न धरणे हा अभ्यासकांचा अन्याय आहे. भावाच्या मृत्यूनंतर ती विद्यालयात जाऊन शिकली, तेथेच शिक्षिका झाली आणि 1941 मध्ये वारली, तोपर्यंत तिने नेगिशीचे घर व भावाची हस्तलिखिते सांभाळली. 1945 च्या हवाई हल्ल्यात घर जळाले. कागदपत्रे ठेवलेली मातीच्या भिंतींची कोठी तेवढी वाचली.