तेरेखोल-पेडण्यात घर घेताय? टोकन देण्याआधी तपासणी कोणाकडून कराल

तेरेखोल : मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि पेडणे तालुक्यात घर, प्लॉट शोधणाऱ्यांची वर्दळ वाढली. सावंतवाडी, वेंगुर्ले, बेळगाव, कोल्हापूरकडची मंडळीही यात आहेत. येणारा माणूस नदी बघतो, किल्ला बघतो, एजंटाचा चहा पितो आणि टोकन देऊन मोकळा होतो. घर बघायचं तेवढं राहून जातं.

घराची तपासणी करून देणाऱ्या खासगी सेवा आता मोठ्या शहरांत मिळतात. अमेरिकेत अनेक राज्यांत या कामाला लायसन्स लागतं. आपल्याकडे 'होम इन्स्पेक्टर' म्हणून सरकारी लायसन्स नाही, त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावर कोणीही तसं छापू शकतो. म्हणून माणूस सिव्हिल किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे का आणि गोव्यात नगरनियोजन खात्याकडे त्याची नोंदणी आहे का, हे आधी विचारा. त्याने केलेला एखादा जुना रिपोर्ट, नाव-पत्ता झाकून का होईना, दाखवायला सांगा. फोटो नाहीत, मोजमाप नाही, नुसतं 'घर सुस्थितीत आहे' असं दोन पानी प्रशस्तिपत्र असेल तर दुसरा माणूस शोधा.

एक गैरसमज फार पसरलेला आहे : 'बँकेचा माणूस येऊन बघून गेला, कर्ज मंजूर झालं, म्हणजे घर चांगलं.' तसं नसतं. बँकेचा व्हॅल्युअर बघतो ते कर्ज बुडालं तर या मालमत्तेचे किती पैसे सुटतील, हे. छपराची वाळवी किंवा विहिरीतलं खारं पाणी हा त्याचा विषय नाही, आणि त्याचा रिपोर्ट जातो बँकेकडे. शिकलो कॉमर्स, त्यामुळे माझा हिशेब साधा आहे : पैसे ज्याचे, रिपोर्ट त्याचा. एजंटाने किंवा विकणाऱ्याने 'आमचा इंजिनिअर आहे ना' म्हटलं की नम्रपणे नको म्हणा. फी तुम्हीच द्या आणि ती घराच्या किमतीच्या टक्क्यात ठरवू नका. चौरस मीटरवर किंवा दिवसावर ठरवा. दुरुस्तीचं कंत्राटही तोच घेणार असेल तर दोष जास्तच सापडतील!

तेरेखोलची गंमत वेगळी. पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये सावंतांकडून किल्ला घेतला, म्हणून नदीच्या उत्तरेचा हा तुकडा आजही गोव्यात. पलीकडच्या केरीहून यायचं तर फेरीबोट, नाहीतर किरणपाणी-आरोंदा पुलावरून महाराष्ट्रात शिरून रेडीमार्गे वळसा. पणजीचा इंजिनिअर म्हणूनच प्रवासाचे पैसे वेगळे मागतो. शिरोडा किंवा सावंतवाडीचा इंजिनिअर जवळ पडतो. चिऱ्याचं बांधकाम, कौलारू छप्पर त्याच्याही रोजच्या पाहण्यातलं, त्यामुळे भिंती आणि छपरासाठी तो चालेल. कागदपत्रांसाठी मात्र गोव्यातलाच वकील घ्या. सातबारा वाचणाऱ्याला एक-चौदाचा उतारा वाचता येईलच असं नाही.

आता घरात काय बघायला लावायचं? जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, पुष्कळदा मातीच्या लगद्यात रचलेल्या. त्यावर कोणी सिमेंटचं प्लास्टर चढवलं असेल तर ओल आत कोंडते आणि रंग दिल्यावर वर्षभर दिसत नाही. त्यामुळे तपासणीसाकडे ओल मोजायचं यंत्र हवं. छपराखाली चढून आढं, वासे, रिपा टोकरून बघायला हव्यात, खालून टॉर्च मारून भागत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत स्लॅबची सळई लवकर गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. अशा घरात हॅमर टेस्ट आणि गंजाची चाचणी करून घ्या. विहिरीचं पाणी क्षार आणि जंतूंसाठी लॅबला द्या, सेप्टिक टँक विहिरीपासून किती दूर आहे ते टेपने मोजा. शक्य असेल तर घर जुलै-ऑगस्टात बघा. मे महिन्यात गळणारं घरही कोरडंच असतं.

कागदांची तपासणी तितकीच महत्त्वाची. भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर एक-चौदाचा उतारा आणि नकाशा बघता येतो. त्यात कुळाचा रकाना आणि 'इतर हक्क' बारकाईने वाचा. गोव्यात १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घरातून काढण्यापासून संरक्षण आहे. तेरेखोलच्या गोल्फ प्रकल्पाचा वाद कुळांच्या जमिनींवरूनच न्यायालयात गेला, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. विकणारा विवाहित असेल तर गोव्याच्या नागरी कायद्यामुळे नवरा-बायको दोघांची सही लागते. वारसाहक्काचं घर असेल तर इन्व्हेंटरी झाली का ते विचारा. शिवाय सनद, नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला आणि नदीकाठी असेल तर सीआरझेड. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे भरतीच्या नदीकाठी १०० मीटर किंवा पात्राची रुंदी, यात जे कमी तेवढा पट्टा निर्बंधात येतो. पोर्तुगीज काळातला दस्त दाखवला तर पुराभिलेख खात्यातल्या मूळ नोंदीशी जुळवून घ्या. बनावट दस्तांवरून जमिनी हडपल्याच्या तक्रारींमुळेच गोवा सरकारला २०२२ मध्ये एसआयटी नेमावी लागली.

टोकन देताना करारात एक ओळ घालून घ्या : तपासणीत मोठा दोष निघाला तर टोकन परत, किंवा किंमत कमी. विकणारा या ओळीला अडला तर कारण विचारा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, खरेदीदाराला साध्या काळजीने कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. पण घर घेतल्यानंतर 'त्याला माहीत होतं' हे कोर्टात सिद्ध करणं सोपं नाही.

नवीन फ्लॅट असेल तर गोवा रेराचा नोंदणी क्रमांक आधी बघा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. त्यासाठी ताब्याच्या दिवशीचा तारखेसह, फोटोंसह रिपोर्ट जवळ ठेवा आणि तक्रार फोनवर नव्हे, लेखी द्या.