पिनवर्म : शाळेतील एक गोळी पुरेशी का ठरत नाही?

सुरत शहरातील लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून कापड उद्योगात कामासाठी आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथील महापालिकेच्या मराठी शाळांतील मुलांना, गोव्यातील मुलांप्रमाणेच, राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिली जाते. २०१५ साली सुरू झालेली ही मोहीम प्रामुख्याने मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी आहे. पिनवर्म हा सुतासारखा बारीक, पांढरा जंत मात्र मातीतून नव्हे, तर बोटांतून आणि अंथरुणातून पसरतो. एका खोलीत सारे कुटुंब शेजारी शेजारी झोपते किंवा दिवसपाळी व रातपाळीचे कामगार एकच गादी आळीपाळीने वापरतात, तेथे हा फरक निर्णायक ठरतो.

सुमारे एक सेंटिमीटर लांबीची मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन हजारो अंडी घालते. त्यामुळे खाज सुटते, मूल झोपेत खाजवते आणि अंडी नखांत अडकतात. काही तासांतच ती संसर्गक्षम होतात आणि कपड्यांवर, चादरींवर, खेळण्यांवर दोन ते तीन आठवडे टिकू शकतात. अशी बोटे तोंडात गेली की तेच चक्र पुन्हा सुरू होते.

झोपेत दात खाणाऱ्या मुलाला जंत झाले आहेत, असे घरोघरी म्हटले जाते. त्यावरून निदान होत नाही. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरीच्या उजेडात पाहिल्यास जंत अनेकदा डोळ्यांना दिसतात. खात्रीची चाचणी चिकटपट्टीची. सकाळी उठल्याबरोबर, शौच वा अंघोळीपूर्वी, पारदर्शक पट्टी गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर दाबून काचपट्टीवर चिकटवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंडी शोधतात. सलग तीन दिवस नमुने घेतल्यास निदान हुकण्याची शक्यता फार कमी राहते. नेहमीच्या शौचतपासणीत ही अंडी बहुधा सापडत नाहीत, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल’ आला म्हणून निश्चिंत होऊ नये.

अल्बेंडाझोल, मेबेंडाझोल किंवा पायरँटेल यांपैकी एक औषध वैद्यकीय सल्ल्याने दिले जाते. ही औषधे जंत मारतात. अंड्यांवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. म्हणूनच दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा आवश्यक असते. शाळेतील गोळीनंतर महिन्याभरात खाज परतली, तर दोष गोळीचा नसतो आणि आईच्या स्वच्छतेचाही नसतो. बहुतेक वेळा दुसरी मात्रा राहिलेली असते किंवा घरातील इतरांना औषध मिळालेले नसते. त्रास नसला तरी कुटुंबातील सर्वांनी एकाच वेळी औषध घेणे इष्ट. गरोदर स्त्रिया आणि दोन वर्षांखालील मुले यांच्याबाबतीत मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रतिबंधाचे खरे काम सकाळचे आहे. उठल्यावर अंघोळ केल्याने रात्री घातलेली बरीचशी अंडी धुऊन जातात. आतले कपडे रोज बदलावेत, नखे कापलेली ठेवावीत, जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुवावेत. चादरी झटकू नयेत, कारण अंडी हवेत उडतात. त्या हलकेच गुंडाळून गरम पाण्यात धुवाव्यात आणि कडक उन्हात वाळवाव्यात. कुत्र्या-मांजरांपासून हा जंत होत नाही, त्यांना घराबाहेर काढण्याचे कारण नाही.

मुलींमध्ये हे जंत योनिमार्गाकडे जाऊन तेथे खाज व दाह निर्माण करतात. ही तक्रार संकोचापोटी अनेकदा सांगितलीच जात नाही. लहान मुलगी रात्री वारंवार जागी होत असेल, तर तिला याविषयी विचारावे.