छत्तीस मिनिटं

२० मार्च १९९०. अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य, सवाना नदीकाठचा व्होगल अणुवीज प्रकल्प.

सकाळ. युनिट १ इंधनभरणीसाठी बंद आहे. पण अणुभट्टी बंद केली म्हणजे थंड झाली असं नाही. चूल विझवली तरी निखारे धुमसतात, तशी इंधनातून उष्णता निघतच राहते; ती वाहून न्यायला पंपांनी पाणी फिरवत ठेवावं लागतं. देखभालीच्या कामांसाठी त्या पाण्याची पातळीही खाली आणलेली. दोनपैकी एक डिझेल जनरेटर खोलून ठेवलाय, एक ट्रान्सफॉर्मरही दुरुस्तीला काढलाय. सगळी भिस्त एका लाइनवर आणि १ए नावाच्या एका जनरेटरवर.

९.२०. स्विचयार्डात इंधन आणि वंगणाचा ट्रक. वेल्डिंग मशीनला इंधन हवंय का, ते बघायला आला होता, नको होतं. परत निघताना रिव्हर्समध्ये त्याने २३० केव्ही लाइनच्या आधाराचा खांब ठोकला. वीज गेली. १ए आपोआप सुरू झाला, लोडही घेतला. ८० सेकंदांत ट्रिप.

९.४०. आणीबाणी जाहीर. बाहेर कळवायच्या मुख्य यंत्रणेचीही वीज गेलेली!

९.४१. १ए पुन्हा सुरू. ७० सेकंद चालला, पुन्हा बंद. इंजिन तापलं म्हणून?

आपल्या सोसायटीचा डीजी तापून बंद पडला, तर वॉचमनसुद्धा आधी रेडिएटरचं पाणी बघतो, मग फॅनबेल्ट, मग जाळीत अडकलेला कचरा. आणि कशातच काही सापडलं नाही, की जुना मेकॅनिक काटा सोडून इंजिनाजवळ हात नेतो. उभं असलेलं इंजिन सव्वा मिनिटात उकळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. व्होगलचं यंत्र मात्र हात लावून बघणारं नव्हतं. इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यावर तीन तापमान-स्विच. त्यातल्या दोघांनी ‘तापलं’ म्हटलं की इंजिन बंद. ही व्यवस्था इंजिन वाचवण्यासाठी केलेली. इकडे अणुभट्टीतलं पाणी मात्र खरोखरच तापत होतं: ३२ अंश सेल्सिअसवरून वर, वर. अणुभट्टीभोवतीच्या संरक्षक आवरणाचं मोठं दार कामांसाठी उघडं होतं, ते लावायची धावपळ सुरू.

९.५६. जनरेटरच्या पॅनेलवर काचेआडचं आपत्कालीन बटण असतं. काच फोडली, बटण दाबलं. असं सुरू केलं की इंजिन बहुतेक ट्रिप जुमानत नाही, तापमानाचाही नाही. १ए धडधडला. या वेळी लोड हाताने, एकेक करून चढवला. पंप फिरायला लागला तेव्हा अणुभट्टीतलं पाणी ५८ अंशांवर होतं.

पुढे चौकशी झाली. इंजिन गरम झालंच नव्हतं; बोट ठेवलं गेलं ते त्या तापमान-स्विचांवर.