मुशीतला डोंगर

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या आळीतल्या मुलांची किल्ल्यासाठी दगडमाती गोळा करण्याची एकच धांदल उडते. गेल्या वर्षी त्यांतला एक चिमुरडा बुरुजासाठी आणलेला दगड घेऊन माझ्या ओट्यावर आला. दगड काळाकुट्ट, आणि अंगभर लहानमोठी भोके.

"गुरुजी, याला भोकं कुणी पाडली?"

"वाफेने," मी म्हणालो.

"पण दगडात वाफ कुठून आली?"

दगड एके काळी पातळ रस होता, एवढे सांगून मी त्याची बोळवण केली. पण हे एवढे वाक्य माणसाला छातीठोकपणे म्हणता यावे म्हणून केवढा वाद झाला आहे, आणि एका शिष्याने त्यासाठी किती धीर धरला आहे, ते त्याला सांगायचे राहूनच गेले. ते आता सांगतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीची गोष्ट. जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात १७७५ पासून वेर्नर नावाचे अध्यापक शिकवीत असत. वाणी अशी रसाळ, की देशोदेशींचे विद्यार्थी त्यांच्या पायाशी येऊन बसत. त्यांचे म्हणणे असे, की काळा कातळ काय किंवा ग्रॅनाइट काय, हे सारे आदिम समुद्राच्या पाण्यातून साका बसून तयार झाले. उलट स्कॉटलंडात एडिंबरोचे जेम्स हट्टन म्हणत, की हे खडक पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने वितळले आणि मग थिजले. १७८५ मध्ये ग्लेन टिल्टच्या दरीत ग्रॅनाइटच्या तांबूस शिरा जुन्या खडकात घुसलेल्या त्यांना दिसल्या. घुसायचे तर आधी पातळ असलेच पाहिजे! स्वारीला एवढा हर्ष झाला, की बरोबरच्या वाटाड्यांना वाटले, यांना सोन्यारुप्याची खाणच सापडली.

पण वेर्नरपंथीयांचा एक आक्षेप मोठा बिनतोड होता. दगड मुशीत घालून वितळवा आणि निववा. हाती येते ती काच. डोंगरातल्या दगडात तर बारीक स्फटिकांचे दाणे दिसतात. मग तो वितळलेला होता असे कशावरून?

याचे उत्तर सुचले ते हट्टनचे तरुण स्नेही आणि शिष्यच म्हणावेत असे सर जेम्स हॉल यांना. एडिंबरोजवळच्या लीथ गावी काचेच्या कारखान्यात एकदा हिरव्या काचेचा रस भांड्यातच राहून फार सावकाश निवाला. पाहतात तो काचेचा झाला दगड! पारदर्शकपणा गेला, दाणे आले. तोच गोळा पुन्हा वितळवून झटकन थंड केला, तर पुन्हा काच.

आमच्या गृहिणींना यात नवल वाटणार नाही. साखरेचा पाक चटकन निवला की चिक्कीसारखा काचेरी होतो, आणि दोरा सोडून दिवसेंदिवस निवांत ठेवला की त्याची खडीसाखर होते. वस्तू एकच, फरक काय तो सवडीचा.

हॉल यांना दगडावर हा प्रयोग करायची घाई झाली होती. पण हट्टननी नापसंती दर्शवली. पाताळातली उष्णता कुठे, तिथला दाब कुठे, आणि चिमूटभर मुशीत डोकावून डोंगराचा न्याय करणारे तुम्ही कुठे, असा त्यांचा एकंदर भाव. आणि हॉल थांबले. गुरूचा मान राखून त्यांनी हात आवरला तो हट्टन १७९७ मध्ये वारेपर्यंत. इतकी वर्षे शाळेत काढलेल्या मला हे वाचताना त्या शिष्याचे कौतुक वाटते, पण हट्टनचा थोडा रागही येतो. ज्या प्रयोगाने त्यांचेच म्हणणे खरे ठरायचे होते, तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला नाही.

१७९८ मध्ये हॉल यांनी एडिंबरोच्या आसपासचा काळा दगड लोखंडाच्या ओतकामाच्या भट्टीत वितळवला. झटपट निवविला, काळी काच झाली; हळूहळू निवविला, दाणेदार दगड परत मिळाला. व्हेसुव्हियस आणि एटना या ज्वालामुखींचा लाव्हाही तसाच वागला. आक्षेप मुशीतच विरघळला.

मात्र हट्टनची दाबाविषयीची शंका अगदीच फुकट नव्हती. पृथ्वीच्या पोटातला खडक भयंकर तापलेला असूनही बहुतेक घट्टच असतो, कारण वरचा भार त्याला वितळू देत नाही. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही, तसेच हे. तो तापला खडक हळूहळू वर सरकला, की भार कमी होतो आणि नवी आच न लागताही त्याचा थोडा अंश वितळतो. हाच शिलारस. भोवतालच्या घट्ट खडकापेक्षा हलका, म्हणून तो वर वर येतो. खोलवर अडकला तर लाखो वर्षे निवत मोठ्या दाण्यांचा होतो. भुईवर सांडला तर चटकन थिजून बारीक दाण्यांचा. आणि वर येताना दाब सुटल्यामुळे त्यात मुरलेली वाफ व वायू बुडबुडे होऊन निघतात. तीच त्या मुलाच्या दगडावरची भोके.

आपल्या दख्खनवर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा रस १,१०० अंशांहून अधिक तापलेला असा भुईच्या भेगांतून पुनःपुन्हा ओसंडला. थरावर थर चढले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख त्याखाली आहे. सह्याद्रीच्या अंगावर ज्या पायऱ्या दिसतात त्या या थरांच्याच, आणि इंग्रजी पुस्तकांतला 'ट्रॅप' हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला.

धुळे-नंदुरबारकडे गेलात तर काळ्या कातळाच्या लांबच लांब भिंती मुलखातून धावताना दिसतील. भेगांत चढलेला रस तिथेच थिजून त्या झाल्या. अशा भिंतीच्या कडेचा तुकडा आणि मधला तुकडा शेजारी ठेवून पाहावा. थंड खडकाला टेकलेल्या कडेचे दाणे बारीक, मधल्याचे ठसठशीत. हॉलची मूस इथे उभी करून ठेवल्यासारखी!

यंदा तो मुलगा पुन्हा दगड मागायला आला आहे. बुरूज मोठा करायचा म्हणतो. भोकांचे दगड त्याने वेगळे काढून ठेवले आहेत. त्यांत पणती नीट बसते, असे त्याचे म्हणणे.