तळटीप १४ : एकशेआठचे डॉक्टर
१४. एकशेआठचे डॉक्टर : महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या १०८ रुग्णवाहिकेतले, ही सेवा २०१४ साली सुरू झाली. बेव्हर्ली पार्कच्या जिन्यात लेखिका त्यांना ‘पॅरामेडिक’ म्हणते, ते अमेरिकेतल्या सवयीने. तिकडे ईएमआर (इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डर), ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन), प्रगत ईएमटी आणि पॅरामेडिक अशा चार पायऱ्या आहेत. पॅरामेडिक सर्वांत वरचा, तरी तो डॉक्टर नव्हे. हैदराबादेत २००५ साली सुरू झालेल्या १०८ सेवेतही गाडीवर प्रशिक्षित ईएमटीच असतो. महाराष्ट्राने मात्र गाडीत डॉक्टर बसवला, अनेकदा बीएएमएस झालेला. म्हणून पुढच्या परिच्छेदात ते कुणाला न विचारता सलाईन लावतात, यात बेपर्वाई मुळीच नाही. डॉक्टर म्हणून तो निर्णय त्यांचाच.